दक्षिणेकडे तोंड

पौषातल्या रविवारी नर्स प्रेमलताबाई मीठ खात नसत. सकाळी सूर्याला अर्घ्य देऊन, पोथी वाचून, दुपारी त्या सहज म्हणून दवाखान्यात डोकावल्या. फ्रिज उघडला आणि आतल्या थर्मामीटरवरचा आकडा त्यांनी पुन्हा एकदा वाचला.

अकरा अंश!

आठाच्या वर गेलं की पोलिओचे थेंब मेले, असं ट्रेनिंगमध्ये पक्कं सांगितलं होतं. मेलेले थेंब अपाय करत नाहीत, पण राखणही करत नाहीत. आणि दिसायला? तसेच गुलाबी. शेजारच्या गावात याच थंडीत दोन लेकरांचे पाय लुळे पडले होते.

कळमेश्वरच्या पुढचं हे गाव. विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. म्हणून दिवाळीआधी नागपूरचे केशवराव मेकॅनिक या फ्रिजसाठी छपरावर सोलर पॅनल बसवून गेले. जाताना म्हणाले होते, "बाई, नागपूर एकविसाव्या अक्षांशावर. म्हणून कल एकवीस, तोंड दक्षिणेले. थंडीत सूर्य खाली उतरते, तवा आणखी उभं करा. काचेच्या कडेले हा सरळ खिळा ठोकून ठेवला. भर दुपारी त्याची सावली त्याच्याच बुडाशी मावली, की कल बरोबर."

सगळं ठीक चाललं होतं. मग गेल्या सोमवारी रंभाबाई सुईण आली. छपराकडं पाहून तिनं कपाळाला हात लावला. "अवं माय! लेकराइच्या दवाईचं तोंड यमाच्या दिशेले? काहून वं बाई, तू तर रोज उगवतीले पाणी देतं!"

प्रेमलताबाई हसल्या, पण मनात काटा मोडला तो मोडलाच. त्या स्वतः कधी दक्षिणेकडं पाय करून निजल्या नव्हत्या. संध्याकाळी त्यांनी कवडू शिपायाला छपरावर चढवलं आणि पॅनल पूर्वेला फिरवून घेतलं. "देव तिकडूनच तर येते," कवडूही म्हणाला.

आता त्याच कवडूला त्यांनी हाक मारली. "कवडूभाऊ, शिडी लावा. पाना घ्या."

वर जाऊन पाहतात तर पॅनल पूर्वेकडं तोंड करून बसलेलं आणि सूर्य केव्हाच दक्षिणेला कललेला. खिळ्याची सावली काचेवर लांब पडली होती. सकाळभर धुकं, दुपारी ही तिरीप. बॅटरी भरणार कशानं?

रोज उगवतीला हात जोडून त्या घरात वळत. पुढं देव कुठल्या वाटेनं जातो, हे त्यांनी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

आधी पान्यानं बोल्ट ढिले केले. "नारायणा, सांभाळ," पुटपुटत त्यांनी चौकट दक्षिणेला वळवली, मागून उचलून धरली. सावली गोगलगायीसारखी आत आत येत खिळ्याच्या बुडाशी विसावली. कवडूनं बोल्ट आवळले.

"झालं ना बाई! सांजेपर्यंत गार होते फ्रिज. उरलेलं औषध फेकून देऊ, अन् कोनाले सांगाचं नाई."

प्रेमलताबाई शिडीकडं वळल्या. खाली उतरून त्यांनी रजिस्टर काढलं. गुरुवार. त्या दिवशी बावीस लेकरांना थेंब पाजले होते. तापमानाच्या रकान्यात त्यांच्याच हातचं 'सहा'. बायांच्या गर्दीत फ्रिजमध्ये न पाहता, आदल्या दिवशीचा आकडा त्यांनी उतरवला होता.

"कवडूभाऊ, गुरुवारी पहिला नंबर कोणाचा होता?"

"आमच्या नातीचा. गोपिकेचा." कवडूचं हसू विरलं. "म्हंजे... तिले नुसतं पाणीच पाजलं का वं बाई?"

एवढ्या वर्षांत त्यानं त्यांना कधी एकेरीत 'वं' म्हटलं नव्हतं.

"ठाऊक नाही, भाऊ. मी पाहिलंच नाही."

त्यांनी 'सहा' खोडून समोर 'पाहिलं नाही' लिहिलं, खाली सही केली. नवं औषध यायला आठ दिवस लागणार होते. तोवर बावीस घरी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं, लेकरांना परत बोलवायचं. उपास तसाच ठेवून रजिस्टर काखेत घेऊन त्या निघाल्या. मागं कवडू.

त्याच्या अंगणात गोपिका चिंचोक्यांनी खेळत होती. बाईंना पाहून उठली आणि धावत आली. प्रेमलताबाईंची नजर तिच्या पायांवरून हलेना.