सुरुंगानं आटलेली अंडी

मी कोलशेतची तांबडी कोंबडी. खाडीकाठच्या आवडाबाईच्या खुराड्यात अंड्यातून बाहेर पडले. मी अंडी घालू लागले तेव्हा तिची सून शेवंती नुकतीच बाळंत झालेली. तिच्या अंगात ताकद यावी म्हणून माझं अंडं तिलाच मिळे. अंडं घातलं की मी गाव डोक्यावर घेई. शेवंती हसून म्हणे, "कलला गो बाय, कलला! अंडा दिलास!"

मग आगगाडीच्या रुळांखाली घालायच्या खडीसाठी जवळची टेकडी फोडायला लागले. शेवंतीचा नवरा गुणाजी मिठागर सोडून तिथं गेला. सुरुंगाची वात तोच पेटवी. धडाड् झालं की जमीन हादरे. आम्ही कोंबड्या एकमेकींच्या अंगावर पडत असू, चोची मारत असू. मला दाणा गोड लागेना. तुरा फिका पडला, पिसं झडली. एकदा नुसत्या पडद्याचं, कवचाशिवायचं अंडं पडलं. पुढं तेही नाही.

शेवंतीचीही तीच गत. आवाज झाला की ती दारात धावे आणि गुणाजी दिसेपर्यंत उंबरा सोडत नसे. कुशीतलं पोर कोरडंच चोखून रडे.

एका सकाळी आवडाबाईनं माझे पाय धरले. "खाते नि अंडा नाय देत. हिचा रस्सा पी, दूध येल तुला." माझी मान दगडावर टेकली. कोयत्याचं पातं थंडगार होतं.

"आये, थांब!" शेवंती ओरडली. "भ्यानं तिचा अंडा आटला, तसाच माजा दूध आटलाय. मंग मनाबी कापशील?"

आवडाबाईचा हात हवेतच राहिला. कामावर निघालेला गुणाजी दारात थबकला होता. त्यानं डोक्याचं फडकं सोडून खाली ठेवलं.

"दोघींना खडवलीला पोचवतो, तुज्या माहेरी," तो हळूच म्हणाला. "मी परत मिठागरावं जाईन."

टोपलीतल्या प्रवासानं मी आणखीच धास्तावले. खडवलीतही बरेच दिवस अंडं नाही. पण शेवंतीच्या आईनं घाई केली नाही. अंधारा कोपरा दिला, पेंढा दिला, पाणी दिलं. शेवंतीला दूध आधी आलं. मला अंडं नंतर.

गुणाजी तिला न्यायला आला, तेव्हा मी अंडी उबवत होते. "तिला नको उठवू," शेवंती आईला म्हणाली आणि मला इथंच ठेवून गेली.

आता मी म्हातारी झालेय, अंडं कधीमधीच. एकच मागणं आहे. आमच्याकडं अंडं मागण्याआधी जरा वाकून पाहा, आत कोण थरथरतंय.