काळा पडदा

“साडेचार. हळू, काका.”

पाण्याची पाहणी करणारी थाईस मागून मीटरचा आकडा सांगे, मग बेनीसियो खांद्यावरच्या दोरीने पेटी ओढत वाळूत पुढची दहा पावलं टाके. पेटीतून जमिनीत लहरी जात. खाली गोडं पाणी किती जाड आहे, ते थाईसच्या गळ्यात अडकवलेल्या यंत्राच्या पडद्यावर उमटे. खारं पाणी लागलं की लहरी परतत नसत आणि पडदा काळा होई. अकरा दिवसांच्या मजुरीत बेनीसियो एवढं शिकला होता. गेल्या आठवड्यात शेजारच्या एउरीदेसच्या विहिरीपाशी पडदा काळा झाला. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेने विहिरीवर सिमेंटची फरशी बसवली, आणि किनाऱ्यावरून हलवायच्या घरांच्या यादीत एउरीदेसचं नाव आलं.

आजची रेष बेनीसियोच्या विहिरीपाशी संपत होती.

“चार. काल धावत होतात, आज बोकडासारखे अडताय.”

“वय झालं, इंजिनीअरबाई.”

“एका रात्रीत?”

तो हसला. ओढणाऱ्याने मागे बघायचं नसतं, रेष वाकडी होते.

“तीन.”

काजूचं झाड मागे पडलं.

“दोन.”

पुढची दहा पावलं झाली. आकडा आला नाही, नुसती पेटी वाळूवर खरखरत होती. आणखी दहा.

“किती?”

“चला काका. थांबू नका.”

विहिरीच्या कठड्यावरची एक खूण धरून तो सरळ चालत राहिला. दोरी सैल पडली तेव्हा तो कठड्याला टेकला होता.

त्याची बायको लिंदाल्वा कॉफी घेऊन आली. थाईसने एक घोट घेतला आणि कप खाली धरला. “मावशी, गूळ किती घालता हो?”

“यांना गोड लागतं.”

“कधीपासून?”

लिंदाल्वाने नजर विहिरीकडे वळवली.

“ऑगस्टपासून,” बेनीसियो म्हणाला.

लिंदाल्वाने चमकून पाहिलं. “तुम्हाला पाण्याचा खारटपणा कळला होता?”

“रोज पितो मी ती.”

“पुन्हा एकदा ओढून बघू,” थाईस म्हणाली. “कधी कधी यंत्र चुकतं.”

“एउरीदेसकडे चुकलं होतं?”

थाईसने पडदा बंद केला.

“रेष सरळ आली ना, बाई?”

“सगळ्यांत सरळ.”

त्याने कॉफी तळापर्यंत संपवली. मग बादलीची दोरी सोडून नीट गुंडाळली, विहिरीवर लाकडी झाकण सरकवलं आणि त्यावर बादली उपडी ठेवली.