बॅटरी फक्त सुरू करण्यापुरती

कृष्णात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा टर्नर होता, आणि चांगला टर्नर होता. तेवढ्यावर समाधान मानायला काही हरकत नव्हती. पण आपल्याकडच्या माणसाला हातातलं काम गोड लागत नाही, त्याला जग दिपवायचं असतं. त्यातून ते भारनियमनाचे दिवस. दुपारी लाईट जायची, शेतकऱ्याच्या पंपाला वीज मिळायची ती भलत्याच वेळी, आणि चौकात बसून सरकारला शिव्या घालून झाल्या की माणसं घामाघूम होऊन घरी जायची. कृष्णात शिव्या घालत बसला नाही. त्यानं यंत्र केलं.

यंत्र समजायला सोपं होतं. बॅटरीवर मोटर फिरायची, मोटर पट्ट्यानं डायनामो फिरवायची, आणि डायनामोची वीज परत मोटरला जायची. मधे एक भलंमोठं जड चाक आणि वर एक बल्ब. "बॅटरी फक्त सुरू करण्यापुरती," कृष्णात येईल त्याला सांगायचा. "गाडीला स्टार्टरपुरती लागती न्हवं, तशी. फुडं त्येचं त्ये चालतंय." म्हणजे डिझेल नको, वीज मंडळ नको, बिल नको. ऐकणारा खूश व्हायचा. बिल नको म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

त्याची मुलगी निशा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं होतं की ऊर्जा शून्यातून तयार होत नाही, आणि जी असते तिच्यातलीही थोडी दर फेऱ्याला उष्णता होऊन हातची जाते. त्यामुळे फुकट चालणारं यंत्र होऊच शकत नाही. "तरी दरवर्षी एखादा वल्ली तसलं यंत्र घेऊन कॉलेजात येतोच," सर म्हणाले आणि हसले. वर्ग हसला. निशाही हसली. तिचे कान मात्र तापले होते, कारण तो वल्ली तिच्या घरी पडवीत बसून पट्टा ताणत होता.

तिनं त्याला सांगितलं नाही असं नाही. एकदा चाक फिरत असताना तिनं त्याचा हात धरून बेअरिंगवर ठेवला.

"गरम हाय की न्हाय, पप्पा? ही गरमी आली कुठनं? बॅटरीतनंच की. असंच जात जात सगळं जाणार आणि यंत्र थांबणार."

"माणूस राबला की तापतोयच की," कृष्णात म्हणाला. "म्हणून काय मरतोय व्हय?"

"मरत न्हाय, कारण जेवतोय. ह्याला जेवाय कोण घालणार?"

कृष्णातला तिचं कौतुकच वाटलं. हसून त्यानं चाक थांबवलं. तो यंत्र कधीच फार वेळ चालवायचा नाही. चाकाचा आवाज जरा उतरायला लागला की "पट्टा तापला" म्हणून बंद करायचा. बॅटरी अधूनमधून चार्ज करून आणायचा, आणि जुनी आहे, चार्ज धरत नाही, म्हणून तिलाच नावं ठेवायचा. स्वतःला फसवायचं म्हटलं की साध्या माणसालाही काय काय सुचतं!

हे इथवरच राहिलं असतं, पण पेठेतल्या तालमीचा अध्यक्ष ज्ञानू एकदा पडवीत डोकावला. बल्ब पेटलेला बघून त्यानं उभ्या उभ्या सत्कार ठरवला. आमच्याकडे सत्कार आधी होतो, तपासणी कधीतरी सवडीनं. चौकात डिजिटल फलक लागला, त्यावर कृष्णातचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली 'कोल्हापूरचा शास्त्रज्ञ'. निशा त्या दिवसापासून चौक टाळून मागच्या बोळानं कॉलेजला जाऊ लागली. आपल्या बापाचा फोटो बघवत नाही याची तिला लाज वाटायची, आणि फोटो दिसला की त्याहून जास्त लाज वाटायची.

कार्यक्रमात यंत्र सुरू करायचं आणि मग भाषणं, असं ज्ञानूनं ठरवलं होतं. तालमीतली भाषणं काय असतात ते निशाला माहीत होतं. नगरसेवक बोलणार, माजी नगरसेवक बोलणार, त्या दोघांचं पटत नसल्यामुळे दोघंही लांबण लावणार. तेवढा वेळ ती जुनी बॅटरी काही टिकणार नव्हती. नगरसेवक विज्ञानावर बोलत असताना त्यांच्या पाठीमागं बल्ब मिणमिणणार, चाक थांबणार, आणि फेटा बांधलेला कृष्णात सगळ्यांसमोर तसाच उभा राहणार.

वर्गातल्या विश्वजितच्या वडिलांचं बॅटरीचं दुकान होतं. निशानं त्याच्याकडून ट्रकची एक नवी बॅटरी मागून आणली. कार्यक्रमाच्या दिवशी कृष्णात फेटा बांधून घ्यायला तालमीत गेला, तेव्हा यंत्र न्यायला कुणी यायच्या आधी तिनं पडवीत बॅटरीवरचा लाकडी खोका उचलून जुनीच्या जागी नवी ठेवली आणि खोका परत झाकला. आजचा दिवस निभावू दे, मग शांतपणे समजावीन, असं ती मनाशी म्हणाली. हे सगळं बापासाठी, असंही म्हणाली. खरं सांगायचं तर कॉलेजातली चार पोरं कार्यक्रमाला येणार होती.

हलगी वाजली, नारळ दिला, शाल घातली, यंत्र सुरू झालं. नगरसेवक बोलले, माजी बोलले. बल्ब जराही हलला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. निशा मात्र बापाचं तोंड बघत होती. तो भाषण ऐकतच नव्हता. मान किंचित तिरकी करून तो चाकाचा आवाज ऐकत होता, आता उतरेल, मग उतरेल, म्हणून वाट बघत होता. आवाज उतरला नाही. हळूहळू त्याचा चेहरा मोकळा झाला, आणि तेव्हा निशाला कळलं. त्याला शंका होती. इतके दिवस त्याच्या मनात शंका होती, आणि ती आपण आज पुसून टाकली.

कृष्णातनं माइक घेतला. "ज्येला पायजे त्येला करून देणार," तो म्हणाला. "शेतकऱ्याला पयलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पडवीत परत आणलेलं यंत्र पुसायला म्हणून त्यानं खोका उचलला. निशा चहा घेऊन आली तेव्हा तो त्या नव्याकोऱ्या बॅटरीसमोर मांडी घालून बसला होता.

"ही कुणी ठेवली?"

"मी."

"न्हाय तर बंद पडलं असतं?"

"व्हय."

त्यानं खोका बाजूला सारला. मग म्हणाला, "मला रोज कळत हुतं गं, आवाज पडायचा त्यो. काल पडला न्हाय तवा म्हटलं, आपलीच शंका खोटी."

"लोक हसली असती, पप्पा."

"हसू दे की. चार दिवस हसली असती आणि मी गुमान लेथवर जाऊन हुबा ऱ्हायलो असतो. आता मी काय करू, ते सांग."

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. कागलहून पिराजी नावाचा शेतकरी आला होता. कार्यक्रमाला आलेल्या भाच्यानं काल त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. त्याच्या मागोमाग ज्ञानू आला आणि गल्लीतली आणखी दोन-चार माणसं.

"पावणं, उसाला पाणी द्याचं हुईना झालंय," पिराजी उभ्या उभ्याच म्हणाला. "पंपाला येक करून द्या. म्हणशीला ते करतो."

आता आपणच बोलायला हवं, हे निशाला कळत होतं. ती एक पाऊल पुढंही आली. पण तिचं तोंड उघडण्याआधी कृष्णात उठला.

"यंत्र चालत न्हाय, पावणं. काल मी खोक्याखाली ट्रकची बॅटरी ठेवली हुती."

पिराजीला कळेना. ज्ञानूला कळलं. "म्हंजे?" त्याचा आवाज चढला. "आमच्या तालमीत हुबा ऱ्हाऊन आमच्याच डोळ्यांत धूळ घातलीस व्हय रं?"

"व्हय. चुकलो."

"फेटा बांधला रं तुला!" ज्ञानू ओरडला. बाकीची माणसं कृष्णातकडे बघत राहिली. काल यंत्र थांबलं असतं तर तो फक्त वेडा ठरला असता. आज तो लबाड ठरला होता, आणि आमच्या पेठेत वेड्याला चहा मिळतो, लबाडाला मिळत नाही. निशा हातातली कपबशी सावरत उभी होती. शरमेनं तिला मान वर करवत नव्हती.

पिराजी जायला वळला आणि थांबला. त्याला राग नव्हता आला. लांबून आल्यामुळे तो नुसता दमलेला दिसत होता.

"पोरी, तू इंजनेर हुणार म्हणं," तो तिला म्हणाला. "तुला तरी ह्ये ठावं न्हवतं व्हय?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. कृष्णातनं बघितलं नाही.

"न्हवतं," निशा म्हणाली.

कृष्णात खाली बसला आणि चाकावरचा पट्टा उतरवायला लागला.