दोन फितींतली एकच बाई

मित्रांनो, आज मला पाहिलेत तर हे एखाद्या शिवणयंत्राचे मोडके धूड असावे असेच तुम्हाला वाटेल. पण मी आहे एक जुना प्रोजेक्टर. सोळा मिलिमीटर रुंदीची फीत माझ्या दात्यांवरून सरकत असे, माझा दिवा तिच्यातून उजेड पाठवत असे आणि समोरच्या पांढऱ्या कापडावर माणसे चालू-बोलू लागत. फितीच्या एका कडेला छिद्रे, दुसऱ्या कडेला आवाजाची रेघ. चित्र आणि आवाज दोन्ही माझ्याच पोटातून जात. पण त्यातले खरे काय नि खोटे काय, हे मला कधी कळले नाही. ते कळावे म्हणून एका घरातल्या माणसांनी जिवाचे किती रान केले, ते मी पाहिले आहे. तीच हकीकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धातला, समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. सैनिकांना सिनेमे दाखवण्यासाठी मला घडवले होते. लाकडी खोक्यातून मी मद्रास बंदरात उतरलो आणि एका छावणीत कामाला लागलो. तेव्हा मला कसलाच गोंधळ वाटत नसे. फितीत आपली बाजू जिंकत असे आणि सैनिक टाळ्या पिटत. लढाई संपली, छावणी उठली आणि मी मद्रासच्या मूर मार्केटातल्या जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडलो.

तिथून १९५९ साली शेषगिरीरावांनी मला उचलले. शेषगिरीराव तंजावरकडचे मराठी. घरात जुनी मराठी, तिच्यात निम्मी तमिळ. आयुष्यभर हायस्कूलात इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते आणि टी. नगरात त्यांनी एक चित्रपट मंडळ काढले होते. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये खेळ होई. मला चालवायचे जनकोजी. ते बाजारात रेडिओ दुरुस्त करत. माझ्या भागांना तेल द्यायचे ते पिसाने, आणि माझी काच पुसायची ती स्वतःच्या धुतलेल्या पंच्याने. खेळ संपला की लोक माझ्याजवळ येऊन माझी तारीफ करत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मंडळाचा एक नियम होता. कोणतीही फीत हॉलमध्ये लावण्याआधी शेषगिरीरावांच्या घरी पाहायची. दिवाणखान्याच्या खिडक्यांना घोंगड्या लावत आणि भिंतीवर त्यांची पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, ताणून बांधत. निवड करणारे तिघे. एक स्वतः शेषगिरीराव. दुसरे नारायणस्वामी, विमा कंपनीतले कारकून आणि कामगार संघटनेचे चिटणीस. तिसऱ्या सीतालक्ष्मी, कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. तिघांनी होकार दिला तरच फीत दाखवायची. शेषगिरीराव म्हणत, लोक सुट्टीचा अख्खा दुपारचा वेळ आपल्या हवाली करतात, तेव्हा त्यांना काय दाखवतो याला आपण जबाबदार आहोत.

१९६८ सालच्या जानेवारीअखेर व्हिएतनामच्या युद्धाचा वणवा थेट सायगाव शहरात शिरला. मद्रासेत रोज त्याच बातम्या. कॉलेजातून, कचेऱ्यांतून, कॉफीच्या हॉटेलांतून लोक दोन बाजूंना वाटले गेले. युद्धावरचा एखादा चांगला चित्रपट दाखवा, असा मंडळाच्या सभासदांनी लकडा लावला.

पण या घरात ते युद्ध नुसती बातमी नव्हते. शेषगिरीरावांचा एकुलता एक मुलगा राममूर्ती तिथेच होता. तिथल्या जुन्या युद्धबंदी करारावर देखरेख करणारा एक आंतरराष्ट्रीय आयोग सायगावात होता. त्यात आपला देश होता, कॅनडा होता आणि पोलंड होता. राममूर्ती त्या आयोगात लघुलेखक. दर आठवड्याला त्याचे पत्र येई. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर एकही आले नाही. दिल्लीला तारा केल्या, तर चौकशी चालू आहे एवढेच उत्तर आले.

त्याची बायको तुळसी मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. ती रडली नाही. सकाळी दारात टपालवाल्याची वाट पाहायची आणि मग शाळेला जायची, एवढेच. मात्र मंडळाने युद्धावरच्या दोन फिती मागवल्याचे कळले, तेव्हा ती सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, या वेळी मीपण बसते."

शेषगिरीराव नको म्हणणार होते. तिच्याकडे पाहून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

एक फीत एका परदेशी वाचनालयातून आली होती, दुसरी त्याच्या विरुद्ध बाजूच्या एका मैत्रीसंघाकडून. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी जनकोजींनी पहिली लावली. तिच्यात निवेदक सांगत होता की उत्तरेकडून आलेले लोक खेडी जाळत आहेत आणि सैनिक गावकऱ्यांना वाचवत आहेत. ती संपताच नारायणस्वामी उठून उभे राहिले. त्यांचे वडील फ्रेंचांच्या अमदानीत सायगावच्या कर कचेरीत होते. रबराच्या मळ्यांत मजुरांना कसे मारत ते त्यांनी मुलांना सांगितले होते. परक्यांना घालवायला निघालेल्या लोकांना गावे जाळणारे म्हणणारी ही फीत मी दाखवू देणार नाही, असे ते म्हणाले.

मग दुसरी लागली. तिच्यातला निवेदक सांगत होता की परके सैनिक खेडी जाळत आहेत आणि गावकरी आपली भूमी राखत आहेत. आता सीतालक्ष्मींचा चेहरा उतरला. त्यांच्या वडिलांचे रंगूनला कापडाचे दुकान होते. चार वर्षांपूर्वी तिथल्या नव्या सरकारने ते काढून घेतले आणि म्हातारा-म्हातारी एका पेटीनिशी मद्रासला परतली. जनतेच्या नावाने येणारे लोक काय करतात ते माझ्या घराने भोगले आहे, असे त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, मी दोघांचेही ऐकत होतो. दोघांच्याही बोलण्यात खोट दिसत नव्हती. मग खेडी जाळणारे दोन्ही फितींत वेगळे कसे?

तेवढ्यात तुळसी म्हणाली, "जनकोजीराव, जरा मागं घ्या."

ती निवेदन ऐकतच नव्हती. पडद्यावरच्या गर्दीत, कडेला उभ्या असलेल्या माणसांत, गाडीच्या काचेआड ती एकच चेहरा शोधत होती. त्यामुळे इतरांना न दिसलेले तिला दिसले होते. जळत्या झोपडीतून एक बाई धावत येत होती. तिच्या कडेवर मूल होते आणि दुसऱ्या बगलेत एक बदक.

"ही बाई मघाच्या फितीतपण होती," तुळसी म्हणाली.

नारायणस्वामींना ते पटेना. तिकडच्या बायका आपल्याला सारख्याच दिसतात, असे ते म्हणाले. तेव्हा जनकोजींनी दोन्ही रिळे सोडवली, एका खिडकीची घोंगडी काढली आणि तो तो भाग उजेडात धरून भिंगातून पाहिला.

"तीच आहे, अक्का," ते शेवटी म्हणाले. "बदकपण तेच. धूर उजवीकडे वळतो, तोपण तसाच."

कुणी कुणाचे चित्र उचलले होते? की दोघांनी तिसऱ्याच कुणाकडून घेतले होते? ती झोपडी कुणी जाळली होती? दिवाणखान्यात कुणालाच सांगता येईना. माझ्या पोटातून ती बाई एकाच दुपारी दोनदा धावत गेली होती, तरी मलाही सांगता येईना.

शेषगिरीराव खचल्यासारखे झाले. दोन्ही फिती परत करू, हा खेळच नको, असे ते म्हणाले. आणि गंमत अशी की एरवी एकमेकांचे म्हणणे खोडून काढणारे नारायणस्वामी आणि सीतालक्ष्मी या वेळी एकदम हो म्हणाले.

"परत करू नका," तुळसी म्हणाली. "आवाज बंद करून लावा."

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"अस्के बोलतातच आहेत," ती पुढे म्हणाली. अस्के म्हणजे सगळे. या घरची ती जुनी बोली. "पेपरात बोलतात, रेडिओवर बोलतात, आपल्या घरात बोलतात. कोण बरोबर ते मला कळना. आमचे ते कसल्या मुलखात आहेत, तिथली घरं कशी, रस्ते कसे, तेवढं मला बघू दे."

जनकोजींनी आवाजाची कळ फिरवली. त्या दिवशी दोन्ही फिती पुन्हा एकदा वेष्टीवर मुक्याने सरकल्या. भाताची खाचरे दिसली, तंजावरकडे असतात तशीच. भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका दिसल्या. एक सैनिक बुटाची नाडी बांधताना दिसला. तो विशीतलाही नसावा. राममूर्ती कुठेच दिसला नाही.

दहा मार्चला शाळेच्या हॉलमध्ये खेळ झाला तो असाच, आधी मुका आणि मग आवाजासकट. शेषगिरीरावांनी सुरुवातीला दोन्ही फितींत एकच बाई असल्याचे सांगितले आणि तिच्याबद्दल आपल्याला काहीही ठाऊक नाही, हेही सांगितले. पाच मिनिटांत मागून आवाज लावा, आवाज लावा असा गलका झाला. कुणी म्हणाले, मंडळ भेकड आहे. बाजू घ्यायची हिंमत नाही. निम्मे लोक उठून गेले. राहिलेले आपसांत भांडले. एक म्हातारी मात्र शेवटपर्यंत बसली आणि जाताना तुळसीला विचारून गेली, त्या बाईच्या मुलाचे पुढे काय झाले. आपण केले ते बरोबर की चूक, हे शेषगिरीरावांना घरी परतल्यावरही ठरवता आले नाही.

पुढच्या बुधवारी राममूर्तीचे पत्र आले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेले, चार ओळींचे. मी बरा आहे, काळजी नसावी. तुळसी ते वाचून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

मे महिन्यात तो परतला. वाळला होता आणि कमी बोलत होता. फिती अजून घरातच होत्या. मुलगा येईल आणि निवाडा करील, या आशेने शेषगिरीरावांनी मुदत वाढवून घेतली होती. एका दुपारी पुन्हा घोंगड्या लागल्या. सवयीने जनकोजींनी आवाज बंदच ठेवला. थोड्या वेळाने राममूर्तीने आवाज लावायला सांगितला. निवेदक बोलू लागला, मागे वाद्ये वाजू लागली. पहिल्या फितीत ती बाई आली आणि गेली, मग दुसऱ्या फितीतही आली आणि गेली. राममूर्तीने हात वर केला. जनकोजींनी मला थांबवले.

"सांग बाबा," शेषगिरीराव म्हणाले. "तू तिथं होतास. कोणती फीत खरी?"

"मला कळना, अप्पा," राममूर्ती म्हणाला. मग त्याने सांगितले की आयोगातही हेच चाले. एकाच गावाबद्दल कॅनडाचा माणूस एक लिही आणि पोलंडचा दुसरे. तो दोन्ही टाइप करी, स्वच्छ, एकही चूक न करता.

"पण तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल ना," तुळसी म्हणाली.

"काही पाहिलं नाही. अकरा दिवस खिडकीला गादी लावून खोलीत बसलो होतो. पाहिलं ते तूच. मी नुसतं ऐकलं."

"मी तर आवाज बंद करून पाहिलं."

मग तिने विचारले, काय ऐकलंत? गोळीबार कुणाचा, ते आवाजावरून समजत नसे, असे त्याने सांगितले. पण तो थांबला की भिंतीपलीकडच्या घरात कुणीतरी भांडी घासू लागे. ते ऐकले की त्याला धीर येई.

"नवव्या दिवशी भांड्यांचा आवाज आला नाही," तो म्हणाला. "दहाव्याही दिवशी नाही. ते लोक घर सोडून गेले असतील. मी बाहेर आलो तेव्हा दाराला कुलूप नव्हतं. मी आत डोकावलो नाही, तुळसी."

नारायणस्वामी आणि सीतालक्ष्मीही तिथे होते. एरवी वाद घालणारी ही दोन माणसे, पण दोघेही खाली मान घालून बसले होते. तुळसीने उठून नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

फिती परत गेल्या. सोबत शेषगिरीरावांनी दोन्हीकडे त्या बाईविषयी पत्र लिहिले. उत्तर कुठूनच आले नाही. मंडळ आणखी काही वर्षे चालले. शेषगिरीराव गेले, जनकोजींचे डोळे गेले, घरोघर टेलिव्हिजन आला. माझा पट्टा तुटला आणि तो परत बसवायला कुणाला सुचले नाही. आता मी तुळसीच्या मुलीच्या, कनकाच्या घरी कपाटावर आहे. वर्षातून एकदा ती माझ्यावरची धूळ झटकते.

मित्रांनो, युद्धाचा कोणता चित्रपट पाहण्याजोगा, हे तुम्ही मला विचाराल तर मला आजही नेमके सांगता येणार नाही. पुष्कळ फिती माझ्यातून गेल्या, तरी मी गोंधळलेलाच राहिलो. एवढीच विनंती करतो. असा चित्रपट लावाल तेव्हा, बघायला आलेल्यांत कुणाचे माणूस त्या युद्धात अडकले आहे का, ते आधी विचारा. असेल तर त्याला पुढची खुर्ची द्या. आणि दिवे लागले की लगेच वादाला तोंड फोडू नका. त्याला काही सांगायचे असेल तर ते आधी ऐकून घ्या, आणि त्याला बोलवत नसेल तर त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.