अर्धा सूर खाली

कार्यक्रमपत्रिकेवर पॉला रेटिगचं नाव भोपळ्याएवढं होतं आणि त्याखाली सिग्ने हालवोर्सनचं मोहरीएवढं. त्याचं सिग्नेला काही वाटलं नाही. तेवीस वर्षं या कॉलेजात ती दुसऱ्यांच्या साथीला पियानो वाजवत होती, आणि साथीदाराचं नाव कुणी चष्मा लावून वाचत नाही हे तिला ठाऊक होतं. तिचं डोकं फिरलं ते मागच्या पानावर. 'गुड्रन हालवोर्सन : क्लॅरिनेट आणि पियानोसाठी सोनाटा, १९५२. शोध आणि संपादन डॉ. पॉला रेटिग.'

शोध म्हणे! सोनाटाची वही चाळीस वर्षं सिग्नेच्याच घरात, शिवणयंत्राच्या खणात होती. गुड्रन तिची सख्खी आत्या. मिनेसोटातल्या एका आडगावात लुथरन चर्चचा ऑर्गन वाजवण्यात तिची हयात गेली, आणि घरी बसून जे लिहिलं ते तिच्या हयातीत एकाही माणसानं वाजवलं नाही. दीड वर्षापूर्वी सिग्नेनं आपल्या हातानं ती वही पॉलाला नेऊन दिली. चोराच्या हाती किल्ल्या देतात त्या अशा.

तरी एवढ्यावर भागलं असतं तर सिग्नेनं गिळलं असतं. पण गेल्या मंगळवारी तालमीत पॉला म्हणाली, "शेवटचा भाग गाळू या."

"सोनाटा तीन भागांचा आहे, डॉक्टर."

"तिसरा कच्चा आहे. बाईंची बुद्धी तिथं आटलेली दिसते. नुसती आदळआपट. रविवारी दुपारी लोकांना काहीतरी गोड ऐकून घरी जायचं असतं, सिग्ने."

"तिनं वर स्पष्ट लिहून ठेवलंय, भांडल्यासारखं वाजवा. तुम्ही ते पाहुण्यांना कॉफी विचारल्यासारखं वाजवता."

पॉलानं भिजवायला धरलेली क्लॅरिनेटची रीड तोंडातून काढली आणि तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमचं कंत्राट जूनमध्ये संपतं ना? शिफारस मीच लिहायची आहे. तर, गाळू या."

सिग्नेनं तिसऱ्या भागाची पानं मिटली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. पण त्या दिवसापासून रोज सकाळी भांडी घासताना ती तिसरा भाग मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजवत होती, आणि रोज एक कप तरी टवका उडून कचऱ्यात जात होता. आत्याचा सोनाटा एकदा, एकदाच, कुणाच्या तरी कानावर अख्खा पडावा, यापलीकडे तिला काही नको होतं.

रविवारी तीन वाजता सभागृह बऱ्यापैकी भरलं. बाहेर मार्चचा बर्फ, आत ओल्या कोटांचा वास. तिसऱ्या रांगेत डीन आणि त्यांची समिती बसली होती. पॉलाला बढती द्यायची की नाही हे ही समिती ठरवणार होती. सगळा कार्यक्रम बायांनी रचलेल्या संगीताचा. दारातून आत येताना सिग्नेनं एका म्हाताऱ्याचं बोलणं ऐकलं होतं. "बायकांचं संगीत म्हणजे काय असणार! झोप लागली तर ढोसून उठव."

पहिल्या तीन रचना नीट पार पडल्या. दोघी एकमेकींकडे न बघता वाजवत होत्या, आणि लोकांना ती एकाग्रता वाटत होती. सोनाटा शेवटचा.

पॉलाच्या शेजारी खुंट्यांवर दोन क्लॅरिनेटी उभ्या असायच्या. एक बोटभर मोठी. तीच बोटं ठेवली तरी ती अर्धा सूर खाली बोलते. तिसरी रचना मोठीवरची होती, सोनाटा धाकटीवरचा. मधल्या वेळात मोठी खुंटीवर ठेवायची आणि धाकटी उचलायची, इतकंच काम. पण पॉलाला भाषण करायचं होतं. मोठी हातात धरूनच ती पुढे आली.

"एका विस्मृत स्त्रीचा आवाज मला सापडला," ती म्हणाली. "धुळीतून मी तो उचलला." आणखी बरंच काही म्हणाली. डीननं मान डोलावली. आत्याच्या घरात धूळ कधी नव्हतीच. बाई शनिवारी जिन्याचे कठडेसुद्धा पुसायची. सिग्नेचे कान तापले.

टाळ्या झाल्या. स्वतःच्या बोलण्यानं भरून आलेली पॉला वळली, जागेवर उभी राहिली आणि हातात होती ती क्लॅरिनेट तिनं ओठांना लावली.

सोनाटाच्या सुरवातीची नऊ आवर्तनं क्लॅरिनेट एकटीच वाजते. पहिल्या सुरालाच सिग्नेनं चमकून पॉलाच्या हाताकडे पाहिलं. अर्धा सूर खाली! बाईनं मोठीच धरलीय.

मग हळूच तिला आनंद झाला. खरा, पोटभर आनंद. आता फक्त कागदावर लिहिलंय ते वाजवायचं. दहाव्या आवर्तनाला पियानो आत शिरला की दोघींच्या सुरांची अशी टक्कर होईल की समितीचे दात आंबतील. घ्या बढती!

पाचवं आवर्तन. सहावं. आणि सिग्नेला थंडी भरली. हा सोनाटा जगात कुणीच ऐकलेला नाही. चूक कुणाची हे लोकांना कळणार कसं? ते म्हणतील, त्या चर्चवाल्या बाईनंच असलं बेसूर लिहून ठेवलंय. पॉला मान तिरकी करून हसेल आणि म्हणेल, कच्चं होतं, मी सांगितलंच होतं. धोंडा पडणार तो आत्याच्याच डोक्यात.

नववं. सिग्नेनं हात उचलले आणि अर्धा सूर खाली, कागदावर नसलेल्या पट्टीत, पियानो सुरू केला.

हे तिला आत्यानंच शिकवलं होतं. सकाळी नऊच्या प्रार्थनेला शेतकऱ्यांचे गळे वर चढत नाहीत, तेव्हा ऑर्गनवालीनंच खाली उतरायचं, तेही जागच्या जागी. तेराव्या वर्षी बोटांवर पट्ट्या खाऊन सिग्ने हे शिकली होती. आता डोळे एक वाचत होते आणि बोटं दुसरं वाजवत होती. घाम मानेवरून खाली उतरत होता. शेजारी पॉला डोळे मिटून डुलत होती. तिला गंधही नव्हता. दोन भाग सिग्नेनं हे ओझं ओढलं आणि प्रत्येक पानागणिक त्या डुलणाऱ्या मानेचा तिला जास्त जास्त संताप आला.

दुसरा भाग संपला. पॉलानं क्लॅरिनेट खाली घेतली, ओठांवर हसू आणलं आणि वाकायला एक पाऊल पुढे टाकलं.

सिग्ने उठली नाही. तिनं डावा हात पियानोवर आपटला, अर्धा सूर खालीच. तिसरा भाग पियानोनंच सुरू होतो.

पॉला गर्रकन वळली. "काय चालवलंय हे?" ती दातांतून म्हणाली.

"भांडण," सिग्ने म्हणाली.

पॉलापुढे कागद नव्हता. पण तीन महिने हा भाग तिनं तालमीत वाजवला होता, आणि तिसरी रांग तिच्याकडे बघत होती. पळायला जागा नव्हती. तिनं क्लॅरिनेट उचलली आणि अशा काही रागानं आत घुसली की पहिल्या रांगेतली एक बाई दचकली. सिग्नेनं उलट ठोसा दिला. पॉलानं तिचं वाक्य अर्ध्यावर तोडलं. सिग्नेनं ते खालून पुन्हा काढलं आणि तिच्या अंगावर फेकलं. कॉफी विचारण्याचं नाव नाही! आत्यानं जसं लिहिलं होतं अगदी तसं, दोन बाया एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. सिग्नेला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटचा सूर दोघींनी एकदम कापला. सगळं सभागृह उभं राहिलं. तो म्हाताराही उभा होता.

पॉलानं सिग्नेला हात धरून पुढे आणलं. तिची नखं तळहातात रुतत होती. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. "तुमचं इथलं संपलं," ती हसतच कुजबुजली. "उद्या सकाळी नऊला माझ्या खोलीत या."

"आधी वाक. लोक बघताहेत."

तेवीस वर्षांत सिग्नेनं तिथं कुणाला अगंतुगं केलं नव्हतं. पॉला थक्क होऊन वाकली. शेजारी सिग्नेही वाकली.

"वाकलीच आहेस तर हातात कुठली आहे तेही बघ."

पॉलानं पाहिलं. मग मान तिरकी करून खुंटीकडे पाहिलं. धाकटी तिथं कोरडी उभी होती. टाळ्या थांबत नव्हत्या, आणि पॉलाला सरळ होणं जमेना.

"केव्हापासून?" तिनं वाकूनच विचारलं.

"पहिल्या सुरापासून," सिग्ने म्हणाली. "आता उठ. आणि हस."