सतराव्या खणात नेमके कोण राहते?

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी मोजे-रुमाल कोंबायचा खण नाही. कीटकांच्या एका संग्रहालयात मागच्या खोलीत उंच लाकडी कपाट आहे, त्यातला मी सतरावा खण. वय विचाराल तर पन्नाशी उलटली. तुमचे नाव एकदा ठेवतात आणि ते तुम्हाला जन्मभर पुरते. माझ्या दर्शनी फळीवरची चिठ्ठी मात्र आजवर पाच वेळा बदलली आहे. वैताग येणार नाही तर काय!

मला घडवणारा सुतार मोठा चोखंदळ होता. रंधा मारून मारून त्याने माझ्या कडा अशा जुळवल्या की, "आता यात मुंगी शिरणार नाही," असे तो छातीठोकपणे म्हणाला. मुंगी शिरली नाही, हे खरे आहे.

माझ्यात ठेवले सालकिडे आणि पुस्तककिडे. खसखशीएवढे, मऊ अंगाचे, बिचारे जीव. झाडांच्या सालीवरचे शेवाळ आणि बुरशी खरवडून खाणारे ते सालकिडे. जुन्या कागदांत आणि ओलसर कपाटांत राहून बुरशी आणि खळ खाणारे ते पुस्तककिडे. ते कोणाला चावत नाहीत, कोणाचे रक्त पीत नाहीत. स्पिरिट भरलेल्या छोट्या कुप्यांत ते माझ्या तीन कप्प्यांत राहू लागले. त्यांचे मोठे गट तीन, म्हणून कप्पेही तीन.

त्यांचा सांभाळ करणाऱ्या बाईंना सगळे संग्रहालय 'अक्का' म्हणत असे. कारण त्यांचा सख्खा धाकटा भाऊ शेजारच्याच टेबलावर बसायचा आणि दिवसातून पन्नास वेळा 'अक्का, अक्का' करायचा. म्हणून तो झाला 'धाकटे'. धाकट्यांकडे होता अठरावा खण, म्हणजे माझा खालचा शेजारी. त्यात उवा होत्या: कोंबडीच्या, कावळ्याच्या, मांजराच्या, माणसाच्या. रविवारी दोघे बहीण-भाऊ कुप्या घेऊन झाडे झटकायला जात. धाकटे फांदी हलवत, अक्का खाली पांढरे कापड धरत. परतल्यावर निम्म्या कुप्यांवर एकाचे अक्षर असे, निम्म्यांवर दुसऱ्याचे, आणि झाड, दिवस, किड्याचे चित्र असे सगळे धाकटे आपल्या वहीत टिपून ठेवत.

पाहुणे आले की माझ्यात डोकावत आणि डोके खाजवत म्हणत, "शी! या पुस्तकातल्या उवा ना?"

अक्का तडकत. "उवा नाहीत! उवा खालच्या खणात. यांचा आणि त्यांचा काही संबंध नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की माझे लाकूडसुद्धा ते पाठ म्हणेल.

मग एके दुपारी धाकटे एक लेख घेऊन आले. छापायला पाठवण्याआधी त्यावर अक्कांची सही लागत असे.

"अक्का, संबंध आहे," ते म्हणाले. "दोघांच्या तोंडात हवेतला ओलावा धरायची एकच घडण आहे. अंगसुद्धा दोघांचं चपटं. माझ्या उवा तुझ्या पुस्तककिड्यांच्याच घरातल्या आहेत. वेगळा गण नाहीच तो."

"फटीत राहणारा कोणीही चपटा होतो. ढेकूण चपटा आहे, मग त्यालाही घरात घेऊ का?"

"ढेकणाचं तोंड बघ आणि मग बोल."

"मी वीस वर्षं बघतेय, तू काल आलास."

अक्कांनी सही केली नाही. उलट लाल शाईने समासात एक शब्द लिहून कागद परत दिला. धाकट्यांनी तो वाचला, टाचणी लावून माझ्यात एका कोपऱ्यात ठेवला आणि आपली भिंगे डब्यात भरली. पुढच्या आठवड्यात ते जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या उवा तपासायला रुजू झाले. त्यानंतर एकोणीस वर्षे बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. घरच्या कार्यात भेटले तरी दोन भिंतींना दोघे टेकत, असे शिपाई झाडलोट करताना कोणाला तरी सांगत होता.

त्याची शिक्षा मात्र मला! माझ्यात भावाचे अक्षर दिसते म्हणून अक्कांनी मला उघडणेच सोडले. कपाटामागची भिंत ओल धरू लागली. माझी तळफळी फुगली. आणि मित्रांनो, मुंगी शिरणार नाही अशा त्या फटीतून जिवंत पुस्तककिडे शिरले. आपल्याच मेलेल्या भाऊबंदांच्या कुप्यांवर चढून त्यांनी चिठ्ठ्यांची खळ खाल्ली, मग कागद खरवडला. चिठ्ठ्या गळून पडल्या. मी ओरडणार कसा?

तिकडे दूरदूरच्या प्रयोगशाळांत लोक किड्यांची जनुके वाचत होते. शेवटी कार्यालयातून एक पत्र आले. अक्कांनी ते उभ्यानेच वाचले. उवा हा वेगळा गण नाही, पुस्तककिडे हे त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक, सगळ्यांचा गण एकच. तरी चिठ्ठी बदलावी आणि अठराव्या खणातला संग्रह सतराव्यातल्या मधल्या कप्प्यात, पुस्तककिड्यांशेजारी, हलवावा.

अक्कांनी पत्राची घडी घातली आणि मला ओढले. मी फुगलेला, हलेना. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा उघडलो. आत चाळीस कुप्या बिनचिठ्ठीच्या, आणि तळाशी कागदाचा भुगा. कुठले झाड, कुठला दिवस, काही कळायला मार्ग नाही. आणि ज्या किड्याचा ठावठिकाणा माहीत नाही, तो किडा अभ्यासाला उपयोगाचा नाही. अक्का स्टुलावर बसल्या. मग त्यांनी फोन उचलला.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुझी रविवारची वही आहे का अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे आले. केस पांढरे झाले होते, काखेत वही होती. एकेक कुपी भिंगाखाली धरून ते पान उलटत. "ही नदीकाठची, वाकड्या झाडाची. तू घसरली होतीस तो दिवस."

"मी नाही, तू घसरला होतास."

"लिहिलंय इथे. 'अक्का चिखलात.'"

अक्का हसल्या नाहीत, पण चिठ्ठी लिहिताना त्यांचा हात थांबला. "तू बरोबर होतास," त्या खाली मान घालूनच म्हणाल्या.

"निष्कर्ष बरोबर होता. कारणं निम्मी चुकली होती. चपट्या अंगाबद्दल तू बोललीस ते खरंच होतं. सही केली नाहीस त्याचं मला काही नाही, अक्का. पण समासात 'मूर्ख' लिहायला नको होतंस."

अक्कांनी माझ्या कोपऱ्यातून तो टाचणीचा लेख काढला. समासाची कड किड्यांनी पार खाल्ली होती. लाल शब्दाचा मागमूस नव्हता.

"तो शब्द मागे घ्यायला आले होते रे मी," त्या म्हणाल्या. "दोनदा तुझ्या दारापर्यंत आले होते."

"मग बेल का नाही वाजवलीस?"

अक्कांनी पुढची कोरी चिठ्ठी ओढली. धाकट्यांनी पुढची कुपी उचलली.

चाळीसपैकी एकतीस कुप्यांचा पत्ता लागला. नऊ कुप्या अक्कांनी एकट्यानेच भरल्या होत्या, त्या वहीत नव्हत्या. अक्का त्या टाकून द्यायला निघाल्या, धाकट्यांनी अडवले. नव्या चिठ्ठ्या या वेळी कुपीच्या आत, स्पिरिटमध्येच सोडल्या. तिथे कोणाचे तोंड पोहोचत नाही. मग उवा माझ्या मधल्या कप्प्यात आल्या. मला विचारले कोणी? दाटीवाटी झाली, कुप्या एकमेकींना भिडल्या, आणि माझ्या फळीवर सहावी चिठ्ठी लागली. ती लिहिताना दोघे तासभर शब्दावरून भांडले. मी कंटाळून गेलो होतो, पण खोटे कशाला सांगू, एकोणीस वर्षांच्या शांततेपेक्षा ते बरे वाटत होते.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढे ऐका. आमच्यावर लिहिलेले चुकले तर खुशाल बदला. आम्ही कुरकुरू, पण मोडणार नाही. फक्त आम्हाला ओलीत टाकू नका, वरचेवर उघडत जा. बंद ठेवलेल्या खणात काय काय खाल्ले जाते, हे बाहेरून कळत नाही. त्या नऊ कुप्या अजून माझ्यात पुढेच आहेत. त्यांतले कोण कुठून आले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.