गाजरगवत आणि माझा तोरा

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. घाबरू नका, माझ्याने आता दोरासुद्धा तुटत नाही. पण एके काळी माझा तोरा विचारू नका! लोहाराने मोटारीच्या मोडक्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यापासून मला घडवले, लाकडी मूठ बसवली आणि एका माळ्याच्या हाती दिले. त्यांना सगळे माळीकाका म्हणत. "वा, काय धार आहे!" असे ते म्हणाले, की मी फुगलोच. पलीकडच्या खिळ्यावरच्या खुरप्याला तर मी खिजगणतीतही धरत नसे.

काकांच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट होता. त्याचा मालक परगावी. फाटकाला गंजके कुलूप आणि आत कमरेएवढे गाजरगवत. त्याला पांढरी फुले आली, की त्यांच्या परागांनी काकूंना दम लागे. खिडकीजवळचे त्यांचे शिवणयंत्र आतल्या अंधाऱ्या खोलीत न्यावे लागे. शेवटी लेकीने बजावले, "आई, अजून तीन-चार वर्षं बघू. नाहीतर घर विकायचं आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं." त्या घरात त्यांची चाळीस वर्षे गेली होती.

काकांनी मालकाला फोन केला. "काढा की तुम्हीच, मी कुठे नाही म्हणतोय?" एवढे बोलून तो मोकळा झाला. मग काका मला घेऊन भिंतीवरून आत उतरले. दोन दिवसांत मी सगळे रान सपासप आडवे केले. त्या फुललेल्या गवताचे काकांनी खत केले आणि हौसेने गल्लीभर वाटले. लोकांनी आमचे तोंड भरून कौतुक केले.

पुढच्या वर्षी काय झाले, सांगू? पोस्टमनच्या अंगणात, मास्तरांच्या कुंड्यांत, जिकडेतिकडे गाजरगवत! खताबरोबर बी घरोघरी पोचले होते. प्लॉटमध्ये तर मी कापलेल्या बुडख्यांना दुप्पट फांद्या फुटल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काकांनी मात्र तोंड लपवले नाही. ते दारोदार गेले. "चूक माझी आहे. आता फुलं यायच्या आत मुळासकट उपटू या," ते म्हणाले.

"खत देताना तर 'सोनं आहे सोनं' म्हणत होता!" मास्तर हसले आणि हातमोजे शोधायला आत गेले.

सगळी गल्ली प्लॉटमध्ये उतरली. खुरपी कमी पडली, तेव्हा काकांनी माझे टोक मुळाशी खुपसले. दगड लागले, धार गेली, फार दुखले. खुरप्याच्या बरोबरीने मी मातीत राबत होतो आणि खरे सांगतो, मला त्याची लाज वाटली नाही.

दर वर्षी गल्ली असेच करू लागली आणि रोपे कमी होत गेली. गेल्या वर्षी फुलांच्या दिवसांत लेक आली, तर काकू बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ शिवत होत्या.

"आई, तू इथे?"

"अगं, उजेड इथेच आहे ना."

लेक तिथेच त्यांच्या पायाशी बसली. घर विकायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, काम झाल्यावर माझी माती पुसून मला कोरडा ठेवा, बाकी माझे काही मागणे नाही. पण ओस पडलेली जागा दिसली, तर 'आपली थोडीच आहे' म्हणून पुढे जाऊ नका. फुले येण्याआधी एकदा आत डोकावा. पलीकडे कोणाला तरी श्वास घ्यायचा असतो.